गाडी सासऱ्यांच्या नावावर, स्टेअरिंग सुनेच्या हातात

«मामा, सप्रेम नमस्कार. मी जांबोटी भागातली. सासऱ्यांनी २००७ साली नवी कोरी बोलेरो घेतली, के.ए. २२ पासिंग. दोन वर्षांमागं ते वारले. यजमान गोव्याला वेर्ण्यात कंपनीत असतात, पंधरा दिवसांतून एकदा येतात. गाडी मीच चालवते, लायसन्स पक्कं आहे. रताळी-मिरची बेळगावला नेणं, सासूबाईंचा दवाखाना, मुलीचं कॉलेज, आणि रात्री-अपरात्री गावातल्या कुणाला सिव्हिलला न्यायचं झालं तर हीच गाडी. कुणी डिझेलचे पैसे हातावर ठेवतं, कुणी नाही. २ लाख १८ हजार किलोमीटर झालेत. वाटेत कधी बसवलं नाही. पण गेल्या चार-सहा महिन्यांत चढाला दम सोडते, काळा धूर मारते, सकाळी दोन-तीनदा सेल्फ मारावा लागतो. मिस्त्री म्हणतात हाफ इंजिन काढायचं, ६५ हजार. पुण्याचे दीर म्हणतात, १ लाख ६० हजाराला कोल्हापूरकडचं गिऱ्हाईक तयार आहे, विकून दोघा भावांनी निम्मे-निम्मे घ्यावेत आणि तुम्ही हप्त्यावर नवी घ्या. यजमान काहीच बोलत नाहीत. सासूबाई म्हणतात, त्यांची गाडी दारातून हलवायची नाही. नणंद गडहिंग्लजला दिलीय, त्या यात नाहीत. आर.सी. अजून सासऱ्यांच्याच नावावर आहे, नोंदणी मार्च २०२७ पर्यंत. मी काय करू? ता. क. स्टेपनीच्या कव्हरवर सासऱ्यांचं नाव रंगवलंय. ते ठेवलं तर चालतं का?»
— एक सून, खानापूर तालुका

ताई,

धुराचा रंग लिहिलात हे फार बरं केलंत. लोक नुसतं «धूर मारते» म्हणून सोडून देतात आणि मग मला पत्रावर पत्र घालावं लागतं. काळा धूर म्हणजे इंजिनात गेलेलं डिझेल पुरतं जळत नाही. एकतर हवा कमी पडतेय, नाहीतर नोझल डिझेल फवारायच्या ऐवजी ठिबकतेय. निळा धूर असता तर इंजिन ऑइल जळतंय म्हटलं असतं, मग रिंगा, बोअर, व्हॉल्व्हचे सील यांच्याकडं बघावं लागलं असतं. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल तर हेडच्या पॅकिंगचा संशय घ्यायचा. हाफ इंजिनात रिंगा, बेअरिंगं, व्हॉल्व्ह घासणं ही कामं येतात. म्हणजे ते औषध निळ्या धुराचं. तुमच्या मिस्त्रींनी काळ्या धुराला तेच लिहून दिलंय.

ते तुम्हाला फसवतायत असं मी म्हणणार नाही, कारण हेच मी स्वतः केलंय. गॅरेज टाकून चारेक वर्षं झाली होती. खानापूरच्या एका शेतकऱ्याची जीप आली, तक्रार हीच, चढाला ओढत नाही आणि मागं काळा पट्टा. मी मोठ्या आत्मविश्वासानं इंजिन उतरवलं, रिंगा बदलल्या, हेड फेसिंग करून आणलं, आठ दिवस गाडी अडकवून ठेवली. सुरू केली, तर धूर तसाच. शेवटी माझ्या हाताखालच्या पोरानं एअर क्लीनरचा डबा उघडला. आत उंदरानं भाताच्या पेंढ्याचं घरटं केलं होतं, पिलांसकट. त्या माणसाकडून मजुरी घेतली नाही, पण सामानाचे पैसे घेतलेच. ते आजही टोचतं. तेव्हापासून काळा धूर दिसला की पहिला हात एअर क्लीनरला.

तर तुम्हीही तिथूनच सुरू करा. बोनेट उघडून एअर क्लीनरचा डबा आणि तिथून इंजिनाकडं जाणारा जाड रबरी पाइप बघा. टर्बो असेल तर त्याच्या दोन्ही बाजूंचे होस हातानं दाबून बघा, चीर गेलेली असते आणि वरून दिसत नाही. फिल्टर नुसता झटकून परत घालू नका. जांबोटी भागातली लाल धूळ कागदाच्या घड्यांत बसली की झटकून निघत नाही. फिल्टरच नवा टाका.

सकाळच्या सेल्फसाठी एक फुकटची परीक्षा सांगतो. चावी मारण्याआधी डिझेल फिल्टरजवळचा हातपंप घट्ट होईपर्यंत दाबा. मग गाडी पहिल्या झटक्यात लागली, तर रात्रीतून लाइनमध्ये हवा शिरतेय. एखादं वॉशर, एखादा जुना पाइप, इतकंच काम. त्यानंही फरक पडला नाही, तर बॅटरी आणि सेल्फच्या ब्रशा. सेल्फ मरगळून फिरत असेल तर इंजिनाला दोष देऊ नका.

चढाला दम सोडते म्हणता. घाटात इंजिनाचा आवाज वाढतो आणि वेग वाढत नाही, असं होतंय का? तसं असेल तर क्लच प्लेट घसरतेय. आणि एकदा सपाटीवर दहा-बारा किलोमीटर जाऊन थांबा, ब्रेक न दाबता हळूहळू थांबू द्या, मग चारही चाकांच्या मधोमध हात जवळ नेऊन बघा. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलं असेल तर ब्रेक अडकलाय. ब्रेक लावून घाट चढायला लावलं तर कुठलीही गाडी धापणारच.

हे सगळं बघूनही धूर राहिला, तर नोझल काढून टेस्टिंगला आणि पंप कॅलिब्रेशनला द्यायचा. हे काम डिझेल पंपवाल्याकडंच होतं, साध्या गॅरेजात नको. तुमच्या गाडीतलं २५२३ सीसीचं डीआय इंजिन जुन्या धर्तीचं, यांत्रिक पंपाचं आहे. कॉम्प्युटर लावून कोड वाचायची भानगड नाही. जाणता माणूस कानानं आणि हातानं ते जमवतो. सगळं मिळून खर्च ६५ हजारांच्या आसपासही जायचा नाही.

मग हाफ इंजिन कधी? कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा किती जोरानं दाबली जाते ते, मोजल्यावर. मिस्त्रींना स्पष्ट विचारा, «चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन किती आलं, आकडा लिहून द्या.» गेज नाही म्हणाले तर दुसरा मिस्त्री बघा. घरच्या घरी इतकं करता येतं: इंजिन गरम करून सुरू ठेवा, ऑइल घालायचं झाकण सैल करा. आतून ठोके दिल्यासारखा धूर फुसफुसत असेल, झाकण उडू बघत असेल, तर रिंगांमधून गॅस खाली येतोय. आणि ऑइलच्या पट्टीवर खूण करून हजार किलोमीटरला किती उतरतं ते लिहून ठेवा. थोडं उतरणं या वयात चालायचंच. दर आठवड्याला वरून ऑइल घालावं लागत असेल, तर मिस्त्रींचं म्हणणं खरं आणि मग ६५ हजार वाया नाहीत. क्रँक ग्राइंडिंग, हेड फेसिंग हे सगळं बेळगावात उद्यमबागेत होतं. फक्त जुनं सामान परत मागा, नव्या सामानाच्या डब्या बघा, आणि काम चालू असताना एकदा तरी न सांगता गॅरेजात जाऊन उभ्या राहा.

आता विकायचं की ठेवायचं. माझं मत सरळ आहे. इंजिनावरून हा निर्णय करू नये, चासीवरून, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्यावरून करावा. इंजिन दुरुस्त होतं, वेळ पडली तर दुसरं बसतं. चासी सडली की संपलं. पाऊस उघडला की गाडी रॅम्पवर चढवा आणि एक जाड स्क्रू-ड्रायव्हर घेऊन स्वतः खाली जा. मागचे पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) चासीला जिथं जोडलेत त्या शॅकलच्या जागा, डिझेल टाकीच्या वरची बाजू, मागचा आडवा बार, बॉडी माउंटिंगचे रबर, इथं टोचून बघा. खपल्या निघाल्या आणि खाली पत्रा कडक लागला तर घासून, रंग मारून निभेल. स्क्रू-ड्रायव्हर आत घुसला तर दिरांना फोन करा, तुमचंच बरोबर म्हणून सांगा आणि विका. वेल्डिंग करून देतो म्हणणारे पुष्कळ भेटतील. घाटरस्त्यावर रोज जाणाऱ्या गाडीला मी तो सल्ला देणार नाही.

तुमच्या भागात गंजाची भीती किलोमीटरपेक्षा मोठी आहे. कणकुंबी-जांबोटी पट्ट्यातला पाऊस आणि ती लाल माती एकत्र आली की चिखल चासीच्या पोकळीत बसतो आणि महिनोन् महिने ओला राहतो. वरून गाडी चकचकीत धुतलेली असते, खालून कुणी बघत नाही. पावसाळ्याच्या सुरुवातीला, मध्यात आणि शेवटी खालून पाण्याचा जोराचा फवारा मारून घ्या. दारांच्या खालच्या कडेला बारीक भोकं असतात, ती काडीनं मोकळी करा, नाहीतर पाणी दारात साचतं. पायातली मॅटिंग उचलून वाळवा. यजमान गाडी घेऊन गोव्याला समुद्रावर गेले असतील तर आल्यावर त्याच दिवशी धुवा. आणि पाट्यांवर जळकं ऑइल मारायची आपल्याकडची जुनी खोड आहे. पाट्यांना लागलं तर लागू दे, पण बुशांच्या रबराला लागू देऊ नका, रबर फुगतं आणि मग खडखड सुरू होते.

पैशाचा हिशेबही मांडू, कारण दीर तोच पुढं करणार. नव्या गाडीला समजा ८ लाख कर्ज काढलं, साडेनऊ टक्क्यांनी, सात वर्षांसाठी. हप्ता महिन्याला १३ हजारांच्या आसपास येतो. वर्षाला दीड लाखाच्या वर. म्हणजे पहिल्या पाच महिन्यांच्या हप्त्यांतच तुमचं हाफ इंजिन होतंय, तेही लागलंच तर. नव्या गाडीला आराम आहे, एअरबॅग आहेत, ब्रेक चांगले आहेत, हे मी नाकारत नाही. बोलेरो २००० साली आली तेव्हापासून खडतर रस्त्यांची गाडी आहे, पण अपघातात जीव वाचवण्याच्या सोयी २००७ च्या गाडीत नव्या गाडीसारख्या नाहीत. पोरीला मागं बसवून चोर्ला घाट उतरताना हे लक्षात असू द्या. बेल्ट लावा, वेग कमी ठेवा, उतारावर दुसऱ्या गिअरवर या. चढताना लागतो तोच गिअर उतरताना, हा जुना नियम विसरू नका. ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढतं, दोन वर्षांतून एकदा बदला. सासरे गेल्यापासून ते बदललेलं नसणार, असं मला वाटतं.

हे झालं लोखंडाचं. तुमच्या पत्रातलं खरं दुखणं एका छोट्या वाक्यात आहे आणि ते तुम्ही शेवटाकडं ढकललंय: आर.सी. अजून सासऱ्यांच्याच नावावर आहे.

ताई, इथं मी जरा कडक बोलणार. नियम असा की मालक वारला तर गाडी ज्याच्या ताब्यात येते त्यानं ३० दिवसांत आर.टी.ओ.ला कळवायचं आणि ३ महिन्यांत नमुना ३१ भरून गाडी नावावर करून घ्यायची. तुमची दोन वर्षं उलटली. दंड लागेल, खेटे पडतील, पण त्याला घाबरू नका. घाबरायचं ते विम्याला. वारसाला जुन्या पॉलिसीवर साधारण तीन महिन्यांचीच सवलत असते. त्यानंतर तुम्ही सासऱ्यांच्याच नावानं विमा भरत आला असाल, तर तो कागद हातात आहे म्हणून निवांत राहू नका. उद्या काही झालं तर कंपनीला हात झटकायला आयतं कारण मिळतं. शिवाय विम्यात मालक-चालकासाठी १५ लाखांचं वैयक्तिक अपघात संरक्षण असतं. ते मिळतं नोंदलेल्या मालकाला, तोच चालवत असेल आणि त्याच्याकडं लायसन्स असेल तर. तुमच्या घरी चालवता तुम्ही आणि मालक म्हणून नाव आहे गेलेल्या माणसाचं. म्हणजे रात्री दोन वाजता कुणाला सिव्हिलला घेऊन निघता तेव्हा त्या गाडीत तुमच्यासाठी काहीच नाही.

म्हणून माझा सल्ला: गाडी ठेवायची तर ती तुमच्या नावावर करा. यजमानांच्या नावावर ठेवून थांबू नका, ते पंधरा दिवसांनी येणार. जो चालवतो त्याच्या नावावर गाडी असावी.

सून थेट वारस नसते, म्हणून हे दोन टप्प्यांत करणं सोपं. आधी नमुना ३१ वर सासूबाईंच्या किंवा यजमानांच्या नावे, मग नमुना २९ आणि ३० भरून तुमच्या नावे. मृत्यूचा दाखला, आर.सी., विमा, पी.यू.सी., बाकीच्या वारसांची संमती आणि नाडकचेरीतून, म्हणजे आपल्या भागातल्या महसूल कचेरीतून, वंशवृक्ष (सगळ्या वारसांची नावं असलेला दाखला) लागेल. सातबारावर वारस लावताना तो काढलेला असणारच, फाइल शोधा. फॉर्म कन्नडमध्ये पुढ्यात आला तर गोंधळू नका. मुलगी शाळेत कन्नड शिकली असेलच, तिला बरोबर घ्या, एजंटाचे निम्मे पैसे वाचतील. गाडी कर्जावर घेतली होती का तेही बघा. कर्ज फिटलं पण आर.सी.वरचा बँकेचा बोजा उतरवला नाही, असं दहा घरांत सहा ठिकाणी निघतं, हा माझा अनुभव. बँकेचा दाखला आणि नमुना ३५ घेऊन तो आधी उतरवा.

वंशवृक्ष हातात आला की त्यात नणंदबाईंचं नाव दिसेल. तुम्ही लिहिलंत, «त्या यात नाहीत.» आहेत की. सासऱ्यांच्या स्वतःच्या कमाईची गाडी, मृत्युपत्र नसेल तर सासूबाई, दोन मुलगे आणि मुलगी असे चार सारखे वाटे पडतात. गडहिंग्लज महाराष्ट्रात गेलं म्हणून मुलीचा वाटा बुडत नाही. म्हणजे दिरांचा «निम्मे-निम्मे» हा हिशेबच चुकलाय. १ लाख ६० हजारांचे चार भाग केले तर त्यांच्या वाट्याला ४० हजार येतात, ८० नाही. हे त्यांना तोंडावर मारायला सांगत नाही. यजमानांना सांगा. इतके दिवस गप्प राहिलेत, एवढं एक वाक्य भावाला त्यांनीच बोलावं. नणंदबाईंकडं तुम्ही स्वतः जा, फोनवर संमती मागू नका. दिरांना पैसे हवेच असतील तर ४० हजार हप्त्याहप्त्यानं द्या आणि संमतीपत्रावर सही घ्या. सासूबाई आणि नणंद काय म्हणतील ते मला माहीत नाही, पण गाडी दारात राहतेय म्हटल्यावर सासूबाई वाटा मागतील असं तुमच्या पत्रावरून वाटत नाही.

कोल्हापूरच्या गिऱ्हाइकाबद्दल. आपल्या सीमाभागात एकाच अंगणात के.ए., एम.एच. आणि जी.ए. अशा तिन्ही पासिंगच्या गाड्या उभ्या असतात, पाहुण्यारावळ्यांच्या. त्यामुळं «कागद नंतर बघू» ही सवयच लागलीय. गाडी दुसऱ्या राज्यात जायची तर इथल्या आर.टी.ओ.ची एन.ओ.सी. लागते, नमुना २८ वर. आणि तिकडं १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिली तर तिकडची नोंदणी घ्यावी लागते. गेलेल्या माणसाच्या नावावरची गाडी साध्या सही-अंगठ्यावर त्या गिऱ्हाइकाला देऊन टाकली आणि त्यानं कागलजवळ कुणाला उडवलं, तर नोटीस येईल ती तुमच्या जांबोटीच्या पत्त्यावर. विकायचंच ठरलं तरी आधी वारसाच्या नावावर, मगच किल्ली हातात. उलट बाजूनंही हेच. कुणी पाहुणा स्वस्तात एम.एच. पासिंगची गाडी देतो म्हणाला, तर वर्षभरानं इथला रोड टॅक्स आणि नवा नंबर हा खर्च किमतीत धरूनच बोला.

मार्च २०२७ आता लांब नाही. नोंदणीचं नूतनीकरण ५ वर्षांसाठी होतं, नमुना २५ भरून, आणि गाडी प्रत्यक्ष दाखवावी लागते. शुल्क २०२२ पासून ५ हजार आहे. ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांवरच्या खाजगी मोटारीला ते १० हजार झालंय. तुमची गाडी नेमकी त्याच उंबऱ्यावर येतेय. मुदतीच्या आधी ६० दिवसांपर्यंत अर्ज करता येतो, तेव्हा जानेवारीतच जाऊन विचारा, शेवटच्या आठवड्याची वाट बघू नका. त्याआधी नावाचं काम उरकलेलं पाहिजे, नाहीतर नूतनीकरणाच्या अर्जावर सही कुणाची, इथूनच अडेल. हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसवली नसेल तर तीही बसवा, नाहीतर आर.टी.ओ.तलं पुढचं काम अडतं. पी.यू.सी. तुमच्या गाडीला दर सहा महिन्यांनी. काळा धूर सोडत गेलात तर तिथंही नापास व्हाल, म्हणून आधी नोझल, मग आर.टी.ओ. दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर जी बंधनं आहेत ती इकडं नाहीत. व्हॉट्सअ‍ॅपवर कुणी घाबरवलं तर दुर्लक्ष करा.

डिझेलच्या पैशाचं एक राहिलंच. गावातल्या कुणाला सिव्हिलला नेलंत आणि त्यानं टाकीत डिझेल भरून दिलं, तर त्याला कुणी धंदा म्हणणार नाही. पण दर ठरवून, माणशी पैसे घेऊन नेऊ लागलात तर खाजगी नंबरच्या गाडीला ती परवानगी नाही आणि विमाही तिथं साथ देत नाही. गावात तुमचं नाव चांगलं आहे हे दिसतंय. ते रिक्षावाल्यासारखं होऊ देऊ नका. तशी गरजच असेल तर पिवळ्या पाटीची वेगळी गाडी घ्यावी.

पावसाळ्यासाठी दोनच गोष्टी, बाकी तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार. ओढ्याचं पाणी चाकाच्या मध्यावर गेलं की थांबा, कितीही घाई असली तरी. पाण्यात गाडी बंद पडली तर सेल्फ अजिबात मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी शिरलेलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि मग तुमचे मिस्त्री सांगतायत त्यापेक्षा मोठं काम निघतं. दोरी लावून बाहेर काढा, मिस्त्रींना बोलवा. पाण्यातून आलेल्या गाडीचं डिफरन्शियलचं ऑइल बघा, दुधासारखं झालं असेल तर लगेच बदला. आणि डिझेल फिल्टरच्या खालचा खटका सैल करून साचलेलं पाणी महिन्यातून एकदा सोडून द्या. कॅनमधलं सुटं डिझेल घालत असाल तर तेवढं बंद करा, नोझलचं निम्मं दुखणं तिथून येतं. रेडिएटरमध्ये विहिरीचं पाणी नको, कूलंटच. सासऱ्यांच्या काळी आम्हीही विहिरीचंच घालायचो, म्हणून सांगतो.

आता तुमचा ता. क. स्टेपनीच्या कव्हरवरच्या नावाला कोण कशाला हरकत घेतंय. नंबर झाकत नाही, मागची काच झाकत नाही, राहू दे. उलट गाडी तुमच्या नावावर झाल्यावरही ते नाव तिथं राहिलं तर सासूबाईंना बरं वाटेल आणि दिरांनाही बोलायला जागा राहणार नाही. फक्त ते कव्हर एकदा काढा. आतल्या टायरच्या बाजूवर अंडाकृतीत चार आकडे असतील, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. तिथं शेवटी ०७ दिसलं तर तो टायर गाडीबरोबरच आलेला आहे. वरून कोरा दिसेल, पण बाजूला बारीक भेगा पडल्या असतील. रात्री चोर्ल्यात त्याच्या भरवशावर राहू नका. नवा टाका आणि कव्हर परत चढवा.

— गाडीमामा, शहापूर, बेळगाव